शिक्क्याचा काटा आणि बिनशिक्क्याचे यंत्र

(सोमाटणे, ता. मावळ येथे कोरडवाहू शेतकऱ्यांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा मेळाव्यांत वाचून दाखवण्यासाठी.)



यवतमाळ, जालना, बीड, परभणी, सोलापूर, इतक्या लांबून आपण सोमाटण्याला आलात. हा मावळ भाताचा मुलूख. इथल्या पावसाळ्यात खाचरातले जादा पाणी बांध फोडून सोडावे लागते. आपला पावसाळा आभाळाकडे पाहण्यात सरतो. तरी आजचा विषय बोलायला ही जागा बरी आहे. येताना आपल्यापैकी काही जण द्रुतगती मार्गाने आले. त्या मार्गावर जुलै 2024 पासून नव्या पद्धतीचे कॅमेरे सुरू झाले आहेत. गाडीचा वेग किती, पट्टा बांधला की नाही, मार्गिका सोडली का, हे कॅमेरा पाहतो, संगणक गाडीचा नंबर वाचतो आणि दंडाची चिठ्ठी मोबाईलवर येते. हवालदार आडवा येत नाही, हात दाखवत नाही.

यात चांगलेही आहे. चिरीमिरी वाचते. वेगामुळे होणारे अपघात कमी व्हावेत असे कुणाला वाटणार नाही? पण चालक म्हणाला, "मी पट्टा बांधला होता", तर त्याने कुणाशी बोलायचे? निदान तिथे गाडीचा फोटो असतो, तो पाहून भांडता येते. शेतीत जी यंत्रे येऊ लागली आहेत, त्यांनी आपल्याबद्दल काय पाहिले आणि काय ठरवले, याचा फोटोसुद्धा शेतकऱ्याच्या हाती पडत नाही. आज आम्हाला बोलायचे आहे ते त्या यंत्रांबद्दल, आणि त्यांना कायद्याच्या वेसणीत कसे ठेवायचे याबद्दल.

यंत्राची अक्कल म्हणजे काय?

कृत्रिम बुद्धिमत्ता, एआय, असा शब्द रोज कानावर येतो. शब्द मोठा आहे म्हणून बिचकू नका. आपले आजे-पणजे मृगाचा पाऊस, वाऱ्याची दिशा, मुंग्यांची रांग पाहून ठोकताळा बांधत. यंत्रही ठोकताळाच बांधते. फरक इतकाच की आज्याच्या पाठीशी चाळीस पावसाळे होते. यंत्राच्या पोटात लाखो नोंदी घातलेल्या असतात. मागे काय घडले त्या नोंदींतून ते पुढचा अंदाज काढते. नोंदी आपल्या रानाच्या असतील तर अंदाज जवळ जाईल. नोंदी दुसऱ्याच्या बागायतीच्या असतील तर आपल्या मुरमाड रानात तो अंदाज फसेल. नोंदीच खोट्या असतील तर यंत्र तो खोटेपणा मोठ्या सफाईने आणि झटपट सगळीकडे पोचवील.

आम्ही यंत्राचे वैरी नाही, हे आधी सांगून टाकतो. 2016 साली आंध्रच्या कर्नूल जिल्ह्यातील देवनकोंडा मंडलात इक्रिसॅट आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 175 भुईमूग उत्पादकांना मोबाईलवर तेलुगूत निरोप पाठवले: पेरणी कधी करा, कधी थांबा. त्या शेतकऱ्यांचे उत्पादन सरासरी तीस टक्के जास्त आले, असे त्या संस्थांनी सांगितले. कपाशीत कामगंध सापळ्यात सापडलेल्या पतंगांचा फोटो काढून मोजणी करणारे ॲप वाधवानी एआय या संस्थेने तयार केले आहे. गुलाबी बोंडअळीचे रोज प्रत्येक सापळ्यात आठ पतंग सलग तीन दिवस सापडले की फवारणीची पातळी आली, हे आम्ही तुम्हाला वर्षानुवर्षे सांगत आलो. मोजायला कंटाळा येतो, संध्याकाळी दिवस बुडतो. यंत्र मोजून देत असेल तर घ्यावे.

पण प्रश्न तिथे संपत नाही, तिथे सुरू होतो. कर्नूलला निरोप बरोबर ठरला, छान. समजा निरोप चुकला असता, पेरा म्हणाले आणि पावसाने वीस दिवस ओढ दिली असती, तर दुबार पेरणीचे बियाणे कुणी द्यायचे? यंत्राने? निरोप पाठवणाऱ्याने? की नेहमीप्रमाणे ज्याचे रान त्याचेच मरण?

नवे वाण आले तर त्याच्या ठिकठिकाणी चाचण्या होतात. चारही कृषी विद्यापीठांच्या शिफारशी संयुक्त बैठकीत मांडल्या जातात, तिथे शास्त्रज्ञ उलटसुलट प्रश्न विचारतात, मग त्या शेतकऱ्यापर्यंत येतात. बियाण्याला 1966 चा कायदा आहे. कीटकनाशकाला 1968 चा कायदा आहे. नोंदणीशिवाय बाटली विकता येत नाही आणि कोणत्या पिकावर किती मारायचे ते बाटलीवर छापावे लागते. हे कायदे असूनही बोगस बियाणे येते आणि 2017 साली यवतमाळात फवारणी करता करता माणसे मेली. कायदा असून ही गत, तर ज्या सल्ल्याला चाचणीही नाही आणि लेबलही नाही, त्याची गत काय होईल याचा विचार तुम्हीच करा.

विम्याच्या आकड्यात यंत्र शिरले

कुणी म्हणेल, सल्ला ऐकायचा की नाही हे आपल्या हातात आहे. पटला तर घ्यावा, नाही तर सोडावा. खरे आहे. पण जिथे आपल्याला न विचारता यंत्राचा आकडा आपल्या पैशात मिसळला जातो, तिथे काय कराल? अशी एक जागा आपल्या दारात आलेली आहे: पीकविमा.

2023-24 पासून महाराष्ट्राच्या पीकविमा योजनेत भात, गहू, सोयाबीन आणि कापूस या पिकांचे उत्पादन ठरवताना उपग्रहाच्या, म्हणजे रिमोट सेन्सिंगच्या, आकड्याला किमान 30 टक्के भारांकन द्यायचे ठरले. उरलेले भारांकन पीक कापणी प्रयोगाला. उपग्रह वरून छायाचित्र घेतो, त्यात हवामानाच्या नोंदी मिसळतात, संगणक गणित करतो आणि सांगतो, या मंडळात हेक्टरी एवढा कापूस पिकला.

याचा अर्थ रुपयांत काय होतो ते पाहू. हे आकडे हिशेब समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा तुमच्या मंडळाचे उंबरठा उत्पादन हेक्टरी 10 क्विंटल आहे आणि विमा संरक्षण 60,000 रुपयांचे आहे. पीक कापणी प्रयोगात 6 क्विंटल आले. म्हणजे घट 40 टक्के, भरपाई 24,000 रुपये. आता उपग्रहाचा आकडा 9 क्विंटल आला असे धरा. 70 टक्के भाराने 6 क्विंटलचे 4.2, आणि 30 टक्के भाराने 9 क्विंटलचे 2.7. बेरीज 6.9 क्विंटल. घट 31 टक्क्यांवर आली आणि भरपाई 18,600 झाली. हेक्टरी 5,400 रुपये गेले. यंत्राचे भारांकन 50 टक्के केले तर उत्पादन साडेसात क्विंटल, घट 25 टक्के, भरपाई 15,000. रानात काहीच बदलले नाही. बोंडे तेवढीच, कापूस तेवढाच. कागदावरचा भार बदलला आणि नऊ हजार रुपये उडाले.

यंत्र उलट दिशेनेही चुकू शकते, तेव्हा आपला फायदा होईल, हेही खरे. पीक कापणी प्रयोग फार सोवळे असतात असेही आम्ही म्हणत नाही. बांधावर न जाता कागदावर कापलेली पिके आपण पाहिलेली आहेत. त्या प्रयोगाला यंत्राची उलटतपासणी लावली तर आमची हरकत नाही. आमचा मुद्दा एवढाच आहे की पीक कापणी चुकीची झाली तर तुम्ही त्या जागी उभे राहू शकता, तलाठ्याला आणि कृषी सहायकाला विचारू शकता, प्लॉट मोजू शकता, वजनाच्या वेळी काट्याकडे पाहू शकता. उपग्रहाचा आकडा कसा आला, हे कुणाला विचारायचे?

आणि हा आकडा कापसात कुठे चुकू शकतो, ते शेतीशास्त्र शिकलेला माणूस म्हणून नव्हे, तुमच्या बांधावर उभे राहूनही आम्ही सांगू शकतो. उपग्रहाला झाडाचा हिरवेपणा दिसतो. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते. झाड हिरवेगार, पाने टवटवीत आणि बोंड किडके, असे रान वरून पाहणाऱ्याला उत्तम पीक वाटू शकते. श्रावण-भाद्रपदात आभाळ भरलेले असते, ढगाखालचे साध्या छायाचित्रात दिसत नाही. आपण कपाशीत तुरीच्या ओळी टाकतो. सलग पिकावर शिकलेल्या यंत्राला ते रान कळायला अवघड. ज्वारीचे असेच. काढणीच्या तोंडावर पाऊस झाला आणि कणीस काळे पडले, तर वजनात फार घट दिसत नाही, पण बाजारात त्या ज्वारीला कुणी विचारत नाही. ते नुकसान कोणत्या छायाचित्रात येणार? या अडचणींवर शास्त्रज्ञ काम करीत असतील, करावे. पण ते काम पुरे झाले की नाही, हे ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याला दाखवले पाहिजे.

एक रुपयाचा विमा 2023 साली आला आणि 2025 साली गेला. शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा सुरू झाला. त्याच 2025 च्या खरिपात राज्याने पेरणी न होणे, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान या चार बाबी वगळून भरपाई उत्पादनाच्या आकड्याला बांधली. चार दरवाजे बंद झाले आणि एकच उरला, तेव्हा त्या दरवाज्यावर बसलेला मोजमाप करणारा कोण आहे, हे पाहणे आणखी गरजेचे झाले.

कारंजाचा धडा

मोजमापाची गोष्ट निघाली म्हणून एक जुना इतिहास सांगतो. तो आपलाच, कापसाचा आहे.

देशातला पहिला नियंत्रित बाजार 1886 साली वऱ्हाडात कारंजाला सुरू झाला, तोही कापसाचा. पुढे 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. इंग्रजांना कास्तकाराचा कळवळा आला होता काय? नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस वेळेवर आणि वाजवी भावात हवा होता. म्हणून बाजार नेमून दिले, दलालांना परवाने लावले, देखरेखीला समित्या बसवल्या. त्या समित्यांत चलती होती ती व्यापाऱ्यांची. ज्याने कापूस पिकवला तो गाडीजवळ उभा आणि ज्यांनी तो घ्यायचा ते समितीत बसलेले. नियम होते, पण ते नियम दुसऱ्याच्या सोयीचे होते. 1927 चा मुंबई कापूस बाजार कायदा आला तेव्हा कुठे उत्पादकाला रास्त वागणूक मिळावी हा हेतू कायद्यात उतरला, आणि आज आपण ज्या बाजार समितीत जातो तिचा कायदा 1963 चा.

बाजार समित्यांच्या कारभाराविषयी आपली भांडणे वेगळी आहेत, ती आज काढत नाही. पण या शंभर-सव्वाशे वर्षांत कास्तकाराच्या हाती चार गोष्टी आल्या. पहिली, काट्याला शिक्का. वैधमापनवाल्याने काटा तपासून शिक्का मारला नाही तर तो काटा बेकायदा. दुसरी, उघडा लिलाव. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत बंद पडली. तिसरी, पावती, म्हणजे वजन किती, भाव काय, कापले किती, हे लिहून मिळते. चौथी, तक्रारीला एक टेबल आणि टेबलामागे नाव असलेला माणूस. या चारही गोष्टी भांडून मिळाल्या आहेत आणि अजूनही रोज सांभाळाव्या लागतात.

एआयचा कायदा म्हणजे काय, असे कुणी विचारले तर आमचे उत्तर सोपे आहे. ज्या यंत्राच्या आकड्यावर शेतकऱ्याचा पैसा ठरतो ते यंत्र काटाच आहे. काट्याला जे नियम, ते त्याला. शिक्का, उघडेपणा, पावती आणि तक्रारीचे टेबल.

सरकारने काय केले आहे?

17 जून 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरण 2025-2029 मंजूर केले. पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपये ठेवले. शेतीच्या माहितीची देवाणघेवाण करणारी यंत्रणा, नवे संशोधन केंद्र, कृषी विद्यापीठांत नव्या उद्योगांना जागा, असे त्यात आहे. त्याच वर्षी सल्ल्यासाठी महाविस्तार हे ॲप आले. 15 एप्रिल 2025 पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागू लागला. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसावर प्रयोग केला, त्याचे नाव जगभर झाले.

उसाचा प्रयोग चांगला असेल. पण तो ऊस आहे. ठिबक आहे, पाणी हातात आहे, जमिनीत ओलावा मोजणारी उपकरणे पुरता येतात. आपल्याकडे नाल्याच्या अलीकडे सरी कोसळते आणि पलीकडे धूळ उडते. बागायतीवर शिकलेले यंत्र कोरडवाहूला लावायचे तर आधी कोरडवाहूच्या नोंदी हव्यात आणि कोरडवाहूतली चाचणी हवी. 500 कोटींतले किती कोरडवाहू कापूस-ज्वारीसाठी, हा प्रश्न प्रत्येक जिल्हा मेळाव्यातून विचारला गेला पाहिजे.

दुसरा प्रश्न माहितीचा. शेतकरी ओळख क्रमांक सातबाऱ्याला बांधलेला आहे. जो बटाईने करतो त्याचे नाव सातबाऱ्यावर नाही. घरची बाई निंदणीपासून वेचणीपर्यंत राबते, तिचे नाव बहुतेक घरांत सातबाऱ्यावर नाही. यंत्राला सातबारा दिसतो, माणूस दिसत नाही. उद्या मदत, कर्ज, विमा सगळेच त्या नोंदीवरून वाटले जाणार असेल तर बटाईदार आणि शेतकरी बाई दोघेही गणतीतून गेले.

तिसरा प्रश्न संमतीचा. देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. तत्त्व चांगले आहे: तुमची माहिती तुमच्या संमतीने वापरावी. पण लाभ आणि अनुदान देण्यासाठी सरकारला काही बाबतींत नव्याने संमती न घेता माहिती वापरण्याची मोकळीक त्याच कायद्यात आहे. आणि आपले बहुतेक व्यवहार तर लाभ-अनुदानाचेच. ज्याचे त्याला न विचारता निर्णय घेतला तर काय होते, हे या मावळला सांगायला नको. पवना जलवाहिनीच्या प्रश्नावर 9 ऑगस्ट 2011 रोजी इथून जवळच बऊरला गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. पाणी असो की माहिती, आधी विचारणे ही उपकाराची गोष्ट नाही.

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये एआयच्या कारभारासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांचा रोख असा की सध्या वेगळ्या कायद्याची गरज नाही, आहेत ते कायदे वापरू, उणीव दिसेल तिथे दुरुस्ती करू. ठीक. नव्या कायद्याने नवा इन्स्पेक्टर येतो आणि नवा हप्ता सुरू होतो, हे आपल्याइतके कुणाला माहीत नाही. म्हणून कायद्यांचे जाड पुस्तक आम्हालाही नको. पण आहेत त्या कायद्यांत शेतकऱ्यापुरती उणीव कुठे आहे, ती दाखवणे आपले काम आहे. एक उणीव आत्ताच दाखवतो. बियाणे सदोष निघाले तर शेतकरी ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केले. पण ग्राहक कायद्यात फुकट दिलेली सेवा ही सेवाच धरली जात नाही. सल्ल्याचे ॲप फुकट असते. म्हणजे सल्ल्याने रान बुडाले तर ग्राहक न्यायालयाचे दार उघडणे अवघड. फुकटचा सल्ला सगळ्यात महाग पडायचा तो असा.

दुसऱ्यांना लागलेली ठेच

हे सगळे भीतीपोटी बोलतो आहोत असे कुणाला वाटेल, म्हणून दोन उदाहरणे.

शेजारच्या तेलंगणात 2016 पासून जवळपास 19 लाख रेशनकार्डे रद्द झाली. संगणकाने निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी जुळवून लोक अपात्र ठरवले, घरी जाऊन पडताळणी झाली नाही, असा आक्षेप न्यायालयात गेला. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कार्डे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पुन्हा तपासा असा आदेश दिला, आणि तपासणीत अनेक जण पात्र निघाले. मधल्या वर्षांत ज्याच्या घरचे धान्य बंद झाले त्याला ते कोण परत देणार?

दुसरे युरोपातले. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपनासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीत लबाडी शोधायला कर खात्याने संगणकाचे ठोकताळे लावले. हजारो निरपराध कुटुंबांवर वसुली निघाली, संसार मोडले. जानेवारी 2021 मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. पुढे 2024 साली युरोपीय संघाने एआयचा कायदा केला. त्यात यंत्रांची प्रतवारी केली आहे: जिथे धोका कमी तिथे मोकळीक, आणि सरकारी लाभाला कोण पात्र किंवा कर्जाला कोण लायक हे ठरवणाऱ्या यंत्रांवर कडक अटी. नोंदी ठेवा, चाचणी करा, माणसाची देखरेख ठेवा. आपल्याला युरोपची नक्कल नको. पण प्रतवारीची कल्पना आपल्या रोजच्या व्यवहारातली आहे. घरातला किलोचा तराजू कुणी तपासत नाही. बाजारातला भुईकाटा तपासतात. गाणे सुचवणाऱ्या यंत्राला मोकळे सोडा. विमा, कर्ज, अनुदान आणि प्रतवारी ठरवणाऱ्या यंत्राला शिक्का लावा.

प्रतवारी हा शब्द मुद्दाम घेतला. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये आणि मध्यम धाग्याचा 7,710 रुपये. क्विंटलला 400 रुपयांचा फरक. ओलावा 8 ते 12 टक्क्यांच्या हिशेबात. आज ग्रेडर हात घालून पाहतो, त्याच्याशी हुज्जत घालता येते. उद्या त्याच्या जागी कॅमेरा बसला तर 400 रुपयांची हुज्जत कुणाशी घालायची, हे कॅमेरा बसण्याआधी ठरले पाहिजे. बसल्यावर नाही.

आमच्या मागण्या

जिल्हा मेळाव्यांत चर्चा करून या मागण्या ठरावाच्या रूपात पुढे पाठवायच्या आहेत.

एक. शिक्का. विमा, कर्ज, मदत, अनुदान किंवा प्रतवारीच्या निर्णयात जे यंत्र वापरले जाईल त्याची कोरडवाहू रानात, किमान तीन हंगाम, जागेवरच्या उत्पादनाशी ताडून चाचणी व्हावी. चाचणी ज्या कंपनीने यंत्र बनवले तिने करू नये. कृषी विद्यापीठांनी करावी. किती वेळा बरोबर, किती वेळा चूक, हे पीकवार आणि जिल्हावार मराठीत छापावे.

दोन. पावती. यंत्राच्या आकड्यामुळे रक्कम कमी झाली किंवा अर्ज नाकारला तर तसे लेखी कळवावे: यंत्राचा आकडा काय, माणसाने मोजलेला आकडा काय, भारांकन किती.

तीन. टेबल. तालुक्याच्या ठिकाणी नाव आणि हुद्दा असलेला अधिकारी असावा, ज्याला यंत्राचा निर्णय बदलण्याचा अधिकार आहे. तक्रारीचा निकाल 30 दिवसांत लागावा. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तिथे शेतकऱ्यासमोर फेरतपासणी व्हावी, आणि ती होईपर्यंत माणसाने मोजलेला आकडा धरून पैसे द्यावेत.

चार. जबाबदारी. सल्ला देणाऱ्याने सल्ल्याची लेखी नोंद ठेवावी. फुकट असला तरी चुकीच्या सल्ल्याने झालेल्या नुकसानीची दाद मागता यावी, अशी तरतूद व्हावी.

पाच. समितीत जागा. धोरणाची अंमलबजावणी करणाऱ्या प्रत्येक समितीत कोरडवाहू शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असावेत, त्यांत बायका आणि बटाईदार असावेत. कारंजाच्या वेळी आपण गाडीजवळ उभे होतो. आता आत बसायचे आहे.

गावात गेल्यावर काय करायचे?

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. आजच्या कायद्यातही एक हत्यार आहे. माहिती अधिकार कायदा 2005, कलम 4, पोटकलम 1, खंड घ: सरकारी कार्यालयाने आपल्या निर्णयाची कारणे ज्याच्यावर परिणाम होतो त्याला दिली पाहिजेत. निर्णय माणसाने घेतला की संगणकाने, असा भेद त्यात नाही. ज्याचा विमा कमी आला, अनुदान अडले, त्याने या कलमाचा उल्लेख करून कारण मागावे. गावातल्या दहा जणांनी एकाच आठवड्यात अर्ज टाकले तर कार्यालयाला कारण शोधावेच लागते.

पीक कापणी प्रयोग कोणत्या गटात, कोणत्या दिवशी, हे आधी विचारून ठेवा आणि त्या दिवशी चार जण हजर राहा. क्षेत्र मोजताना, वजन होताना फोटो काढा, तारीख आणि गट नंबर वहीत लिहा. ई-पीक पाहणीत मिश्र पीक असेल तर दोन्ही पिके नोंदवा. आपणच तुरीच्या ओळी सोडून दिल्या तर यंत्राला दोष देता येणार नाही. मोबाईलवरचा पेरणीचा, फवारणीचा सल्ला पुसून टाकू नका, हंगाम संपेपर्यंत ठेवा. आणि प्रत्येक गावात एका घराने आपल्या रानाचा पाऊस साध्या पर्जन्यमापकाने रोज मोजून वहीत मांडावा. एका गावाची वही म्हणजे वही. शंभर गावांच्या वह्या म्हणजे पुरावा. यंत्राचा आकडा खोटा आहे असे म्हणायचे असेल तर आपल्याजवळ खरा आकडा पाहिजे.

वहीचा नमुना आणि माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा शिबिराच्या टेबलावर ठेवला आहे. निघताना प्रत्येकाने आपल्या गावासाठी दोन्ही घेऊन जावे. अर्ज टाकल्यावर आलेली उत्तरे, आली नाहीत तर न आल्याच्या तारखा, जिल्हा मेळाव्याला बरोबर आणाव्यात. त्यांचा एकत्र तक्ता करून तो ठरावासोबत जोडू.